जुन्या फ्लॅटमधले पाइप आणि वायरी लपवायच्यात, सगळं भिंतीत घालू का?

डोंबिवलीकर
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत वनबीएचके आहे, बिल्डिंग ३५ वर्षं जुनी, दिवाळीच्या आत काम उरकायचंय. भिंतींवर आधीच्या मालकाने केलेली पट्टी फिटिंग, तिच्यावरून केबलची वायर, नेटची वायर, किचनमध्ये ओट्याच्या वरून गेलेला पिवळा गॅसचा पाइप, आणि बाथरूमचं दार उघडलं की समोर वरच्या मजल्यावरून उतरणारा चार इंची पाइप. आई म्हणते एकदाच काय तो धुरळा होऊ दे, सगळं आत घाला. कॉन्ट्रॅक्टर गॅसचा पाइपसुद्धा टाइलच्या मागे घेतो म्हणालाय. घेऊ का?

वायरमन_ठाणे
गॅसच्या पाइपला कॉन्ट्रॅक्टरला हातसुद्धा लावू देऊ नका!! तो उघडाच राहायला हवा. गळती झाली तर वास यायला पाहिजे ना, टाइलमागे झाली तर गॅस पोकळीत साचत राहणार आणि घरात कुणाला पत्ता नाही. हलवायचाच असेल तर गॅस कंपनीत अर्ज करा, त्यांचीच माणसं येऊन करतात. कपाट करायचं असेल तर जाळीचं दार ठेवा आणि कॉक पटकन बंद करता येईल असा समोर ठेवा.

वायरी मात्र बिनधास्त कन्सील करा, पण जुन्याच वायरी पाइपात कोंबू नका, ३५ वर्षांचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं, बदलूनच टाका. लाइट-पंख्याला दीड, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची, आणि अर्थिंग सगळीकडे. झिरी, म्हणजे वायरीच्या पाइपासाठी भिंतीत कापायची खाच, उभी मारायला सांगा, चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली की भिंत कमजोर होते, आणि कॉलम-बीमला कटर लावूच द्यायचा नाही. झिरी भरताना वर कोंबडी जाळी मारून घ्या नाहीतर वर्षभरात त्याच रेषेत तडा येतो. नेटच्या वायरीला वेगळा पाइप टाका, लाइटच्या पाइपातून नेऊ नका. टीव्हीच्या मागून खाली युनिटपर्यंत दोन इंची रिकामा पाइप सोडून ठेवा, नंतर कुठलीही वायर ओढता येते. फायबरची वायर असेल तर काटकोनात मोडू नका, मोठं वळण द्या.

कोथरूडची_काकू
बाथरूमच्या पाइपाबद्दल माझं ऐक बाळा. आम्ही तो पाइप विटा आणि टाइल लावून पूर्ण बंद केला होता, दिसायला इतकं सुंदर की येणारा प्रत्येकजण विचारायचा. दोन वर्षांनी खालच्या काकांच्या छताला ओल आली, जॉइंट गळत होता आणि तिथपर्यंत पोचायला वाटच नाही, शेवटी फोडलं आणि तेव्हा तशी टाइल बाजारात मिळेना. आज त्या कोपऱ्यात वेगळ्याच रंगाच्या चार टाइल्स आहेत, रोज दिसतात मला. बॉक्स कर पण जॉइंटसमोर दार ठेव. आणि टाइल्सचा एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर टाक.

घरकाम_सुरू
बॉक्सला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचं दाबून केलेलं बोर्ड) वापरू देऊ नका, पाण्याने फुगतं. सिमेंट बोर्ड लावा. आणि नवीन पाण्याचे पाइप भिंतीत जाणार असतील तर गिलाव्याच्या आधी हँडपंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्या, आम्ही रात्रभर प्रेशर ठेवलं होतं, सकाळी एक एल्बो (पाइपच्या वळणावरचा जोड) गळताना सापडला. बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे पडदा लावताना ड्रिल कुठे मारायचं ते कळतं.

डोंबिवलीकर
खूप खूप आभार सगळ्यांचे! आईला काकूंचा रिप्लाय वाचून दाखवला, लगेच पटलं तिला. गॅसचा पाइप आहे तिथेच राहतोय, कॉन्ट्रॅक्टरला आज स्पष्ट सांगितलं. काकू, दार केवढं ठेवू?

कोथरूडची_काकू
प्लंबरचा हात आणि पाना दोन्ही आत जाऊन फिरले पाहिजेत. आमचं आता एक फूट बाय एक फूट आहे, त्याहून लहान नको.