मदत हवी आहे: मेम्ब्रेनमध्ये टाकलेल्या दोन चमकणाऱ्या प्रोबपैकी लॉर्डान म्हणतंय मेम्ब्रेन घट्ट झालं, डीपीएच म्हणतंय काहीच बदललं नाही

पीओपीसी आणि पीओपीजी (हे निगेटिव्ह चार्जचं) ही लिपिडं ३:१, १०० नॅनोमीटर फिल्टरमधून एक्स्ट्रूड केलेले लायपोसोम (लिपिडच्या पोकळ गोळ्या), तापमान २५ अंश. त्यात पॉझिटिव्ह चार्जचं पेप्टाइड टाकलं की लॉर्डानचा जीपी (दोन तरंगलांबींच्या प्रकाशाची तुलना करून काढलेला आकडा) स्पष्ट वाढतो, म्हणजे ४९० नॅनोमीटरची इमिशन कमी होऊन ४४० ची वाढते, पण डीपीएचची अ‍ॅनिसोट्रॉपी (प्रोबचं फिरणं किती अडतं याचं माप) हलतच नाही.

लॉर्डान ग्लिसरॉलच्या पातळीजवळ, म्हणजे लिपिडच्या डोक्याखाली, बसतं आणि तिथलं पाणी दाखवतं, डीपीएच आत लिपिडच्या शेपट्यांमध्ये असतं, त्यामुळे फक्त वरच्या भागातून पाणी निघून गेलं असेल हे पटतं. पण पेप्टाइडने सॅम्पल किंचित गढूळ होतं, आणि स्कॅटरिंगमुळे अ‍ॅनिसोट्रॉपी खोटी कमी दिसते हे माहितीय, म्हणून भीती ही की डीपीएचमधली खरी वाढ त्यातच झाकली जातेय.

प्रोब नसलेले लायपोसोम अधिक पेप्टाइड असा ब्लँक वजा केलाय, प्रोब-लिपिड १:५०० आहे, लिपिड निम्मं करून पाहिलं तरी तेच, आणि ३५० नॅनोमीटरला पेप्टाइड स्वतः चमकत नाही. मीठ वाढवलं तर गढूळपणा जातो, पण मग पेप्टाइड चिकटतच नाही.

आमच्याकडे पोलरायझरवाला साधा फ्लुओरिमीटर आहे, लाइफटाइमची (चमक किती वेळ टिकते ते मोजण्याची) सोय नाही आणि नवीन प्रोब एकच घेता येईल. अशा वेळी टीएमए-डीपीएच (डीपीएचचाच चार्ज असलेला प्रकार) घेऊन पृष्ठभागाजवळची अ‍ॅनिसोट्रॉपी बघावी, की गढूळपणा तीच अडचण तिथेही आणेल? आणि डीपीएचच्या आकड्यातून स्कॅटरिंगचा वाटा वेगळा काढायला कोणता कंट्रोल तुम्ही खरंच वापरलाय?