लो-कार्ब गोडात साखरेचा पर्याय: साखरेइतकाच गोड करायचा की गोडीच कमी करायची?

चांदणचुरा

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहितेच. लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या, डेझर्टच्या रेसिप्या वाचल्या की एक गोष्ट फार खटकते. मूळ केकमध्ये एक कप साखर असेल तर इथे एक कप एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती पांढरी पावडर), मग ते साखरेच्या साधारण 70 टक्केच गोड लागतं म्हणून अजून पाव-अर्धा कप, आणि तरी समाधान नाही म्हणून वरून स्टीव्हियाचे, म्हणजे एका झाडाच्या गोड पानांच्या अर्काचे, थेंब. साखर गेली पण गोडी जिथल्या तिथेच राहिली की!

माझं स्पष्ट मत आहे की घरी करताना पर्याय वापरा, जरूर वापरा, पण साखरेची बरोबरी करायला जाऊ नका. निम्म्यावर या. घरी करण्याचा सगळ्यात मोठा फायदाच हा की गोडीचं माप आपल्या हातात असतं, आणि तोच आपण सोडून देतो. जीभ खरंच बदलते, थोड्या आठवड्यांत बदामाच्या पिठाची स्वतःची गोडी कळायला लागते, क्रीमची कळायला लागते, नाहीतर ती त्या जोरदार गोडीखाली दबूनच जाते. व्हॅनिला, दालचिनी, चिमूटभर मीठ यांनी तीच गोडी जास्त जाणवते, त्यासाठी अजून चमचाभर काही ओतावं लागत नाही.

डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) पण मे 2023 मध्ये सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवायचा उपाय म्हणून साखरेऐवजीचे स्वीटनर वापरू नका, कारण लांबच्या पल्ल्यात चरबी कमी होण्यात त्यांचा फायदा दिसत नाही. वजनासाठी लो-कार्ब करणाऱ्यांनी तरी यावर विचार करावा. तुम्हाला काय वाटतं?

सांजवेळ

चांदणचुरा, तुमचा मुद्दा कळला पण मला अजिबात पटलेला नाही, आणि जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं म्हणजे डब्ल्यूएचओचं पूर्ण सांगा. ज्यांना आधीपासून डायबिटीस आहे त्यांना ती सूचना लागू नाही, हे त्यातच लिहिलंय. आणि एरिथ्रिटॉल, झायलिटॉल ही शुगर अल्कोहोल्स त्यात धरलेलीच नाहीत, अ‍ॅल्युलोज (कमी कॅलरीची एक साखर) पण नाही. ती सूचना स्टीव्हिया, सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम, सॅकरिन वगैरेंबद्दल आहे. म्हणजे लो-कार्ब बेकिंगमध्ये ज्या गोष्टी कपाने मोजून घालतात त्यातल्या बऱ्याचशा बाहेरच राहिल्या.

दुसरं आणि माझ्यासाठी महत्त्वाचं. मला टाइप टू डायबिटीस आहे, बरीच वर्षं आहे. घरात सगळे केक खातायत आणि मी ताटलीत चार बदाम घेऊन बसलेय हे मी केलेलं आहे, आणि त्याचा शेवट कसा होतो ते पण मला माहितीये, रात्री सगळे झोपल्यावर फ्रीज उघडून खऱ्या साखरेच्या केकचा तुकडा खाल्ला जातो, तो पण छोटा नाही. एरिथ्रिटॉल घालून व्यवस्थित गोड केलेला चीजकेक खाल्ला की माझ्या मीटरवर फारसं काही हलत नाही आणि मन भरतं. मन भरणं हा पण पथ्याचा भाग आहे, तो तुम्ही मोजतच नाही. निम्मी गोडी म्हणजे माझ्यासाठी परत ‘तुझ्यासाठी वेगळं केलंय हं’ असं ताट. मला तसं ताट नकोय, मला केक हवाय.

आंबटचिंबट

एवढी केमिकल्स हवीत कशाला पण? मध घाला, खजुराची पेस्ट घाला. नैसर्गिक आहे, शरीराला कळतं ते काय आहे. पांढरी साखर नको म्हणून अजून एक पांढरी पावडर आणायची यात काय अर्थ आहे.

तळटीप

आंबटचिंबट, राग मानू नका पण लो-कार्बमध्ये मध आणि खजूर बसतच नाहीत. मधाच्या वजनात 80 टक्क्यांच्या आसपास साखरच असते आणि सुकलेल्या खजुरात पण दोन तृतीयांश तरी. खजुरात फायबर आहे, चव उत्तम आहे, पण डायबिटीसवाल्या माणसाने ‘नैसर्गिक आहे’ म्हणून आठ-दहा खजुरांचा लाडू खाल्ला तर मीटर काही नैसर्गिक-कृत्रिम बघून आकडा दाखवत नाही. आणि स्टीव्हिया पण झाडाच्या पानातूनच येतो, एरिथ्रिटॉल फळांमध्ये थोडं असतं आणि आपलं शरीर स्वतःसुद्धा ते थोडंफार तयार करतं, त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दावर निर्णय घेऊ नका.

खरा धोका वेगळाच आहे, ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या पाकिटाचा. दोन गोष्टी बघा. एक, माल्टिटॉल, हे पण शुगर अल्कोहोलच. शुगर फ्री चॉकलेटमध्ये हमखास सापडतं, त्याला ग्रॅममागे 2.1 कॅलरी असतात आणि ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती चढवतं त्याचं माप) साधारण 35, म्हणजे साखरेच्या निम्म्याहून जास्तच. एरिथ्रिटॉल रक्तातली साखर फारशी चढवत नाही म्हणून त्याचे सगळे कार्ब वजा करतात, तसे याचे करून हिशोब मांडला की गडबड होते. दोन, मापाला साखरेइतकी भरणारी सुक्रालोजची पावडर. सुक्रालोज साखरेच्या 600 पट गोड, म्हणजे कपात खरं सुक्रालोज चिमूटभर आणि बाकी सगळं माल्टोडेक्स्ट्रिन, जो शुद्ध स्टार्चचाच भाऊबंद. अशा पावडरच्या एका कपात सुमारे 24 ग्रॅम कार्ब्स येतात. चमचाभरात झिरो कॅलरी लिहिलेलं असतं कारण अमेरिकेच्या नियमात एका सर्व्हिंगला 5 कॅलरीच्या आत असेल तर झिरो लिहायला परवानगी आहे. चमच्याला झिरो, कपाला नाही.

मूळ वादात मी सांजवेळ यांच्या बाजूने आहे. गोडी किती हवी हे ज्याचं त्याने ठरवावं, आधी पाकिटात नक्की काय आहे ते तरी वाचा.

चांदणचुरा

सांजवेळ, तुमचं फ्रीजचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. डायबिटीसवाले त्या सूचनेतून वगळलेत हे मान्यच आहे, मी म्हणूनच ‘वजनासाठी करणारे’ असं लिहिलं होतं. पण निम्मी गोडी म्हणजे बेचव ताट हे मला मान्य नाही. उलट मी तर म्हणते लो-कार्ब गोड बिघडतं ते जास्त पर्याय घातल्यानेच.

चीजकेकचंच घ्या. बॅटर चाखलं तर अगदी मऊ, बेक झाल्यावर पण छान. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चमचा घातला की दाताखाली बारीक बारीक कचकच लागते, आणि जिभेवर पुदिन्याची गोळी चघळल्यासारखा गारवा येतो, जो त्या चवीशी काही केल्या जुळत नाही. कारण साधं आहे. घरातल्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साखर सुमारे 200 ग्रॅम विरघळते आणि एरिथ्रिटॉल त्यापेक्षा खूपच कमी. गार झालं की जास्तीचं परत खडा होऊन बाहेर पडतं, आणि तोंडात विरघळताना ते उष्णता ओढून घेतं म्हणून तो गारवा. तेच निम्मं घातलं की विरघळलेलं राहायची शक्यता कितीतरी वाढते. पिठीसारखं दळून घातलं तर अजून बरं. ही निम्म्या गोडीची फिलॉसॉफी नाही हो, हे स्वयंपाकघरातलं साधं गणित आहे.

कॅरॅमल तर विसराच. एरिथ्रिटॉल 120 अंशांच्या आसपास पाण्यासारखं पारदर्शक वितळतं, कितीही वेळ ठेवा, रंग येत नाही, आणि गार झालं की पांढरी कडक खपली. ज्यांना कॅरॅमलच हवंय त्यांनी अ‍ॅल्युलोज घ्यावं, ते खरोखर तांबूस होतं, किंबहुना साखरेपेक्षा लवकर, म्हणून ओव्हन 10-15 अंश कमी ठेवून वर फॉइल टाकायची. अर्थात ते सगळ्या देशांत मिळत नाही, अमेरिकेत आहे, युरोपियन युनियनमध्ये अजून परवानगीच नाही.

पानगळ

गोडी निम्मी की पूर्ण यावर एवढी चर्चा चाललीये आणि हृदयाचं कोणीच बोलत नाहीये, मला खरंच आश्चर्य वाटतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या लोकांनी 2023 मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलची पातळी जास्त होती त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोक जास्त दिसले. त्याच अभ्यासात त्यांनी 8 निरोगी माणसांना 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल दिलं तर रक्तातली पातळी हजार पटीने वर गेली आणि दोन दिवस चढलेलीच राहिली. 30 ग्रॅम म्हणजे किती, तर लो-कार्ब केकचा एक बऱ्यापैकी तुकडा! 2024 मध्ये त्याच गटाने झायलिटॉलबद्दल पण तसंच छापलं. डायबिटीसवाल्यांना हृदयाचा धोका आधीच जास्त, आणि नेमके तेच लोक हे सगळ्यात जास्त खातायत. माझ्या घरात वडिलांना स्टेंट आहे, मी हे घरात आणणं बंद केलंय. गोड कमीच खा, पण खायचं ते साधं खा.

तळटीप

पानगळ, काळजी समजते आणि स्टेंट असलेल्या माणसासाठी तुम्ही घेतलेला निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पण त्या अभ्यासाची मर्यादा पण सांगायला हवी. मोठ्या गटात उपाशीपोटी रक्तातली पातळी मोजली होती, कोण काय खातं ते मोजलं नव्हतं. आणि शरीर स्वतः ग्लुकोजपासून एरिथ्रिटॉल बनवतं, चयापचय बिघडलेला असेल तर जास्त बनवतं. म्हणजे ती पातळी खाण्यामुळे वाढली की आजारामुळे हे त्या भागातून ठरत नाही. शिवाय त्यातले बरेच लोक आधीच हृदयाच्या तपासण्यांसाठी आलेले होते.

तरी 30 ग्रॅमचा जो प्रयोग आहे तो मी झटकून टाकत नाही. त्यानंतर 2024 मध्ये 20 निरोगी लोकांवर त्यांनी निम्म्यांना एरिथ्रिटॉल आणि निम्म्यांना ग्लुकोज, प्रत्येकी 30 ग्रॅम, देऊन बघितलं, तर एरिथ्रिटॉल घेतलेल्यांच्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) जास्त चिकट वागल्या, ग्लुकोजवाल्यांच्या नाही. त्यामुळे रोज एका बैठकीत 30-40 ग्रॅम खाणाऱ्याने हात आखडता घ्यावा असं मी पण म्हणेन. पण ‘साधं खा’ म्हणजे काय? साधी साखर? डायबिटीसमध्ये वर्षानुवर्षं चढलेली साखर हृदयाचं काय करते त्याबद्दल तर कोणालाच शंका नाहीये.

उनाड_पाखरू

वादात पडत नाही, फक्त एक. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नका, प्लीज. थोडंसं पोटात गेलं तरी कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली येते, लिव्हर निकामी होऊ शकतं. माणसाला चालतं म्हणून त्याला चालत नाही. टेबलावर ठेवलेला मफिन तो तुमची परवानगी घेऊन खात नाही. चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि पाहुण्यांना खायला घालणार असाल तर आधी सांगा काय घातलंय. झायलिटॉल, माल्टिटॉल सवय नसलेल्या पोटाला फार त्रास देतात.

सांजवेळ

पानगळ, तुमच्या वडिलांसाठी तुम्ही जे करताय ते बरोबरच आहे. पण मला एक विचारायचंय सगळ्यांना. माझ्यासारख्या माणसाला ‘कमी खा, साधं खा, सवय सोडा’ हे दवाखान्यात ऐकायला मिळतं, घरी मिळतं, इथे पण तेच. गोड खाण्याची इच्छा होणं हा काही दुर्गुण आहे का? मी इन्सुलिन घेत नाही, मला मीटर बघून माझं माझं ठरवता येतं. एखादी गोष्ट मला आनंदाने, सगळ्यांबरोबर बसून खाता येते आणि रिपोर्ट पण बरे येतात, तर तिची गोडी निम्मी का करायची हे मला अजून कोणी पटवलेलं नाही. कचकचीचा मुद्दा मात्र अगदी खरा आहे, तो मला रोजचा. दळून घालून बघेन.

चांदणचुरा

नाही, दुर्गुण नाही, आणि तसं वाटलं असेल तर माझ्या लिहिण्याचा रोख तो नव्हता. तुमच्याशी भांडण एवढंच की तुम्ही धरून चाललाय की केक ‘खरा’ लागायला गोडी साखरेइतकीच लागते. मला वाटतं तो खरा लागतो तो पोत, रंग आणि वास यांनी. आपण गोडी वाढवून त्या तिघांची भरपाई करायला बघतो.

बेक्ड कस्टर्ड करून बघा, त्यात लपायला जागा नसते. 400 मिली क्रीम, 4 पिवळे बलक, चांगला व्हॅनिला, चिमूटभर मीठ, आणि दळलेलं एरिथ्रिटॉल 30 ग्रॅम, क्रीम कोमट असताना पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. पाण्याच्या ट्रेमध्ये 150 अंशाला, मध्यभाग जेमतेम हलेल इतपत. चार वाट्या होतात, म्हणजे वाटीला साडेसात-आठ ग्रॅम, पानगळ यांच्या 30 ग्रॅमच्या जवळपास पण नाही. वर दोन-तीन स्ट्रॉबेरी कापून, 100 ग्रॅमला 8 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात त्यात. आणि खाताना फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, गारठलेल्या पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते.

सांजवेळ

या रविवारी करते. 30 ने नाही, 45 ने करणार, आणि शेजारी एक वाटी तुमच्या मापाची. घरच्यांना न सांगता दोन्ही देईन आणि कोणती आधी संपली ते इथे लिहीन.