नाशिकमध्ये राहून बेस गिटारवर पोट भरेल का?

गोदाकाठ: कॉलेज रोडला आमचा रॉक बँड आहे, मी बेस वाजवतो, पण नुसत्या बँडवर घर चालत नाही. सेशनची कामं, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला पैसे घेऊन वाजवायची, कशी मिळतात?

बेसवेडा: जॉन पॉल जोन्सचं बघ ना, १९६८ ला त्याचा रॉक बँड लेड झेपेलिन सुरू व्हायच्या आधी तो लंडनच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांवर बेस वाजवायचा, अरेंजमेंटही (कोणतं वाद्य कुठे काय वाजवणार ते) लिहायचा. तू आधी नोटेशन (लिहिलेलं संगीत) वाचायला शीक, मेट्रोनोम म्हणजे ठोके देणारं यंत्र लावून रोज सरावाला बस.

पंचवटीकर: खरंय. आणि सेशनला शायनिंग नको रे, किक ड्रमच्या (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ठोक्यावर नोट बसली पाहिजे आणि ती नेमकी कुठे तोडायची ते कळलं पाहिजे, त्यातच सगळं आलं. मुंबईला सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

गोदाकाठ: नोटेशन शिकवणारं नाशकात कोणी आहे का?