मदत हवी आहे: उंच टीवरून खाली ग्रीन, किती यार्ड वजा करायचे?

नमस्कार मंडळी. इथे गोल्फ खेळणारे थोडेच आहेत, पण त्या थोड्यांनी कृपया लक्ष घाला.

मी पुण्यात बावधनकडच्या टेकड्यांवर खेळते. सपाटीवर कोणत्या क्लबने किती कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) मिळते ते पक्कं माहीत आहे. अडतं ते उंच टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खालच्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर) मारताना. सगळे एकच सांगतात: जितके यार्ड उतार, तितके वजा. म्हणजे लेझरने (अंतर मोजायच्या यंत्राने) पिन, म्हणजे भोकातला झेंडा, १६५ यार्डांवर दाखवला आणि ग्रीन २० यार्ड खाली असलं, तर १४५ यार्ड मारणारा क्लब. आयर्नला (लोखंडी पात्याच्या क्लबला) हे जमतं, कधी चेंडू जरा तोकडाच पडतो. पण लांब पार थ्रीवर (तीन फटक्यांच्या होलवर) हायब्रिड (लांब मारायचा क्लब) घेतला की तोच हिशेब करूनही चेंडू ग्रीनमागच्या झुडपात. कॅडीचं (क्लब उचलणाऱ्या मदतनिसाचं) उत्तर ठरलेलं, "मॅडम, दोन क्लब कमी." म्हणजे दोन पायऱ्या कमी अंतराचा क्लब. प्रत्येक होलला दोनच कसे?

लेझर तिरकं अंतर मोजतो म्हणून हे होतं का? की वजाबाकी क्लबप्रमाणे बदलते? आणि स्लोपवाला (उतार धरून अंतर सांगणारा) रेंजफाइंडर स्पर्धेत चालतो का? (उतारावर उभं राहून मारायचं दुखणं वेगळं, त्याचा धागा नंतर काढते.)

टेकडीकर:
तिरक्या अंतराचं डोक्यातून काढून टाका. तुमच्याच आकड्यांत १६५चं आडवं अंतर जवळजवळ १६४ येतं. एका यार्डाने कोणी झुडपात जात नाही.

खरी गोष्ट चेंडू कोणत्या कोनात खाली येतो ही. ग्रीन खाली असलं की चेंडू सपाटीवर जिथे टेकला असता त्याच्याही पुढे उडत राहतो. ४५ अंशांत उतरत असेल तर २० यार्ड खाली जाताना २० यार्ड पुढे जातो, तुमचा नियम तिथलाच. उंच आयर्न ५० अंशांत उतरला तर १७च्या आसपास, म्हणून तोकडा. हायब्रिड ३५ अंशांत सपाट येत असेल तर २८च्या घरात! शिवाय टेकल्यावर धावतो तो निराळाच. प्रत्यक्षात चेंडू खाली येताना आणखी वाकतो, म्हणून हे आकडे थोडे कमी धरा. सरावाच्या रेंजवर लाँच मॉनिटर (चेंडूचं उड्डाण मोजणारं यंत्र) असेल तर प्रत्येक क्लबचा उतरण्याचा कोन एकदा बघून घ्या. कोचच्या शंभर सूचनांपेक्षा तो तक्ता कामाचा, असं माझं मत.

वाराप्रेमी:
वारा विसरलात दोघंही. चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून खाली मारताना वाऱ्याचा हिशेब वाढतो, आणि टीवर झाडांच्या आडोशाला तो कळतही नाही. शेंड्यांकडे आणि खालच्या झेंड्याकडे बघा. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच मैदानाचं सातवं होल ११० यार्डांच्याही आतलं, वरून समुद्राकडे खाली. १९९२च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी अमेरिकन गोल्फर टॉम काइटने तिथे सिक्स आयर्न (एरवी याहून बराच लांब मारायचा क्लब) घेतला होता, इतका वारा! तरी ग्रीन हुकलं, मग चिप (छोटा उचललेला फटका) थेट होलमध्ये घातली आणि स्पर्धाही जिंकला. उतार वजा करून वेज (सर्वांत कमी अंतराचा क्लब) काढणाऱ्याचं त्या दिवशी काय झालं असतं?

टेकडीकर:
स्लोपचं राहिलं. गोल्फच्या नियम ४.३प्रमाणे फेरी चालू असताना उंचीतला फरक यंत्राने मोजता येत नाही. यंत्र चालतं, स्लोप बंद हवा. काही स्पर्धांत स्थानिक नियमाने अंतर मोजायलाही मनाई असते, आधी विचारा. पण सरावात प्रत्येक टीवरून मोजून वहीत लिहिलेले आकडे स्पर्धेत बघता येतात. आमच्याकडे तसंच करतात.

धागाकर्ती:
वही उद्याच सुरू करते. एक शंका: मॉनिटरवर हायब्रिडचा कोन ३५ आलाच, तर वजाबाकी वाढवू की तिथे हायब्रिडऐवजी चेंडू उंच उडवणारा सेव्हन वुड क्लब घेऊ?

टेकडीकर:
सेव्हन वुड. ग्रीनमागे झुडपं असतील तर डोळे मिटून.