नव्या मरीन टँकमध्ये पहिलं कोरल कधी आणि कोणतं? सल्ला हवा

भरती_ओहोटी
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळतोय, खाऱ्या पाण्यात नवखा आहे. मुक्काम पुणे. टँक ३ फूट × दीड × दीड, काठोकाठ १९० लिटरच्या आसपास. ड्राय रॉक (कोरडा, निर्जीव खडक), अरागोनाइट वाळू, हँग-ऑन स्किमर (फेसातून घाण काढणारा), दोन वेव्हमेकर (प्रवाह करणारे पंप), एलईडी. सायकल झाली: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ५. क्लाउनफिशची जोडी मजेत आहे. सध्या वाळूवर तपकिरी थर धरतोय, पुसला की परत हजर.
दुकानदार म्हणतो, सायकल झाली ना, मग घ्या की! आणि अ‍ॅक्रोपोराचा निळा तुकडा पुढे करतो. दिसतो झकास. घरात मात्र 'दोन माशांसाठी एवढा खर्च?' असं ऐकवणं चालू आहे, त्यामुळे काहीतरी रंगीत लवकर आलं तर बरं.

काजवा
वाचतोय. हाच प्रश्न माझाही.

खडकपाल
अ‍ॅक्रोपोरा नको. सायकल झाली म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू रुजले, एवढंच. टँक अजून मुरलेला नाही. ड्राय रॉकवर सुरू केलेल्या टँकमध्ये पहिले काही महिने पाहुण्यांची रांग लागते. आधी तपकिरी डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल (तुमचा थर बहुधा तोच, पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप ओसरतो), मग हिरवं शेवाळ, मग कधी सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) लालसर पापुद्रा. थर फारच रेंगाळला तर आरओचं पाणी डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) काढून त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बघा, तो ० हवा.
अ‍ॅक्रोपोराला क्षारांची रोजची स्थिरता लागते. १९० लिटरच्या नव्या टँकमध्ये ती सांभाळणं अवघड. वर्षभर तरी त्याचं नाव काढू नका.
मऊ कोरलने सुरुवात करा. मश्रूम (डिस्कोसोमा) सगळ्यात सोशिक: कमी उजेड, कमी प्रवाह, आणि अगदी स्वच्छ पाण्यापेक्षा थोडं नायट्रेट असलेलं पाणी त्याला मानवतं. दुसरं टोडस्टूल लेदर. ते अधूनमधून काही दिवस मिटून बसतं, अंगावर मेणचट पापुद्रा येतो. घाबरून हलवाहलवी करू नका, कात टाकतंय. प्रवाह थोडा वाढवला की पापुद्रा निघून जातो आणि पॉलिप परत फुलतात.

शिंपली_न्यूजर्सी
+१ मश्रूमला. झोआही (झोआंथस, बटणासारखी छोटी रंगीत कोरलं) घ्या, रंग बघून घरचे गप्प बसतील. पण झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते भयंकर विष आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा. झोआ चिकटलेला दगड उकळायचा किंवा कोरडा घासायचा नाही, वाफ आणि फवारा श्वासावाटे आत जातो. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावर.
जीएसपी म्हणजे ग्रीन स्टार पॉलिप दिसायला गोड, पण गाजरगवतासारखं पसरतं. मुख्य खडकावर लावू नका, वाळूत वेगळा दगड ठेवून त्यावर लावा. झेनिया या मऊ कोरलचंही तेच.

तांबडा_खेकडा
एवढा खटाटोप कशाला? माझा मावसभाऊ मालवणला बोटीवर असतो. लाइव्ह रॉक (जिवाणू रुजलेला समुद्री खडक) आणि कोरल दोन्ही फुकटात येईल.

कोकणकडा
खेकडेसाहेब, मावसभावाला तुरुंगात पाठवायचंय का? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये सगळी खडक बांधणारी कोरल आहेत, शिवाय ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रातून काढणं सोडाच, वाळलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवला तरी गुन्हा. मालवणला सागरी अभयारण्य आहे ते आणखी वेगळं. तिथली कोरल बघायची तर स्नॉर्केलिंग करा, आणि पाय ठेवू नका त्यांच्यावर.
धागाकर्ते, तुमचा अ‍ॅक्रोपोराही याच 'खडक बांधणाऱ्या' गटातला. 'इम्पोर्टेड आहे हो' हे तोंडी उत्तर कामाचं नाही. कडक कोरल साइट्सच्या (CITES, वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगायचे तर नोंदणी लागते. मश्रूम, झोआ आणि लेदर कडक कोरलमध्ये मोडत नाहीत, तरी बिल घ्या आणि जपून ठेवा.

तांबडा_खेकडा
बरं बरं. प्रस्ताव मागे.

भरती_ओहोटी
बापरे, कायद्याचं डोक्यातच नव्हतं. अ‍ॅक्रोपोरा रद्द. मश्रूम आणि टोडस्टूल नक्की, झोआ पुढच्या फेरीत. आता घरी आणल्यावर टँकमध्ये सोडायचं कसं? आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ३८–४० ला जातो. चिलर घेतल्याशिवाय भागणार नाही का?

खडकपाल
आधी क्षारता. रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून त्यावर विसंबू नका, शून्य बरोबर असूनही वरचा आकडा चुकलेला असू शकतो. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. विशिष्ट घनता १.०२५–१.०२६ ठेवा. अल्क (अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल रिचवायची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), आणि ते हलू देऊ नका. ८ की ९ यावर कोणी वाद घालत बसलं तर बसू द्या.
पिशवी आली की टँकचा दिवा बंद. १५–२० मिनिटं पिशवी पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग कोरल भांड्यात काढून टँकचं पाणी थोडं थोडं मिसळा. त्यानंतर डिप, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात कोरल बुडवणं. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढ्याच वेळापुरतं, जास्त कडक केलं की जास्त चांगलं असं नसतं. डिपमध्ये असताना ड्रॉपरने कोरलवर पाण्याचा झोत मारा. चपटे किडे, झोआ खाणाऱ्या न्यूडिब्रांक (समुद्री गोगलगायी) खाली पडतात, पांढऱ्या वाडग्यात चटकन दिसतात. अंडी मात्र डिपने मरत नाहीत, म्हणून फ्रॅगचा (कोरलच्या विकत आणलेल्या तुकड्याचा) प्लग, म्हणजे खालची बैठक, काढून टाका आणि कोरल नव्या प्लगवर चिकटवा. पिशवीतलं आणि डिपचं पाणी टँकमध्ये थेंबभरही नको.
जागा खालची, वाळूजवळची. कोरलच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला नव्या उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो, एकदम झोत मिळाला तर कोरल पांढरं पडतं. दिवा ३०–४० टक्क्यांवर आणा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवा. पहिल्या दिवशी मिटलेलं दिसलं तर बघत राहा, हात घालू नका.

शिंपली_न्यूजर्सी
प्लगचं शंभर टक्के खरं. एप्टेशिया तिथूनच येतो, छोटं पारदर्शक अ‍ॅनिमोन. चिमट्याने कुस्करलात तर एकाचे दहा होतात. पेपरमिंट श्रिंप खातात.
आणि या टँकमध्ये कधी माशांसाठी तांब्याचं औषध वापरलंय का? असेल तर आधी सांगा, कोरलला तांबं चालत नाही.

कोकणकडा
उन्हाळ्याचं सांगतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा मारला की दोन-तीन अंश उतरतात. हवा कोरडी असेल तर जास्तच. पण बाष्पीभवन वाढतं आणि क्षारता चढते. उडालेलं पाणी साध्या आरओ पाण्याने भरायचं, खाऱ्या पाण्याने नाही, कारण मीठ टँकमध्येच राहिलेलं असतं. रोज भरा किंवा ऑटो टॉप-अप लावा. पंख्यानेही पाणी २८ च्या खाली येत नसेल तर मग चिलर.
खोलीला पंखा, टँकला पंखा आणि खारं पाणी असा थाट असेल तर आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. वीज गेल्यावर एक वेव्हमेकर तरी इन्व्हर्टरवर चालू राहील असं बघा.

भरती_ओहोटी
तांबं कधीच नाही. टँक नवाकोरा, औषध काहीच घातलेलं नाही. आरसीसीबीसाठी इलेक्ट्रिशियनला फोन केला. डायटम ओसरला की मश्रूम आणतो. एक शंका: ही क्लाउनची जोडी टोडस्टूलमध्ये शिरून त्याला त्रास देईल का?

खडकपाल
देऊ शकते. अ‍ॅनिमोन नसेल तर क्लाउन कधीकधी लेदरलाच घर मानतात आणि दिवसभर अंग घासतात. म्हणून लहान फ्रॅग घेऊ नका, हाताच्या तळव्याएवढं तरी घ्या. त्याला तेवढं सोसतं.