थंडीतली संततधार: समुद्राजवळच्या घरातली ओल आवाक्यात कशी आणायची?

वळचण

थंडीचे चार-पाच महिने जवळजवळ रोज पाऊस. बाहेर 6 ते 10 अंश, ऊन नावाला, वर खारा वारा. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, वस्ती विरळ. जुन्या दगडी भिंती, आतून सिमेंटचा गिलावा, वर पत्रा. उबेसाठी धुराडे असलेली लोखंडी शेगडी आहे आणि सिलिंडरवर चालणारा, धुराडे नसलेला गॅस हीटर आहे. घराची आतली हवा साधारण 200 घनमीटर भरेल.

मापकावर दिवसभर 16 अंश आणि 82 टक्के आर्द्रता दिसते. सकाळी तावदानांवरून पाणी ओघळते, कपाटामागे काळी बुरशी आहे, समुद्राकडच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे आणि लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे मीठ. कपडे तीन दिवसांनीही सर्दच. सरपण धुमसते. शौचालयाचे पाणी सावकाश उतरते आणि गुडगुड आवाज येतो.

विचारायचे असे: बाहेर पाऊस असताना खिडक्या उघडाव्यात की बंद ठेवाव्यात? भिंतीला जलरोधक रंग द्यावा का? आणि या सगळ्यात आधी कशाला हात घालावा?

दवबिंदू

खिडक्या उघडा. पाऊस पडत असला तरी.

हे पटायला जड जाते, कारण उकाड्यातल्या पावसाची सवय उलटी असते. तिथे बाहेरची हवा गरम आणि वाफेने भरलेली असते, ती आत घेतली तर घर आणखी दमट होते. थंडीतल्या पावसात तसे नाही. 8 अंशांची हवा 95 टक्के दमट असली तरी तिच्यात एका घनमीटरला जेमतेम 8 ग्रॅम पाणी असते, कारण थंड हवेत तेवढेच मावते. तुमच्या खोलीतल्या 16 अंश आणि 82 टक्क्यांच्या हवेत 11 ग्रॅमच्या वर आहे. म्हणजे बाहेर धो धो कोसळत असतानाही बाहेरची हवा तुमच्या घरातल्या हवेपेक्षा कोरडी आहे. तीच 18 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास येते. घरातली हवा एकदा पूर्ण बदलली की अर्धा किलोहून जास्त पाणी बाहेर जाते.

पद्धत अशी: वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची एक खिडकी आणि तिच्या समोरासमोरचे दार किंवा वरची झडप, दोन्ही सताड उघडायची. दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. सकाळी उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर, आंघोळींनंतर. झड येते ती बाजू बंदच ठेवा. दिवसभर एक फट उघडी ठेवण्यापेक्षा हे बरे, कारण दहा मिनिटांत फक्त हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत. 200 घनमीटर हवा 8 वरून 18 अंशांवर आणायला पाऊण युनिट विजेइतकीही उष्णता लागत नाही. ऊब वाया जाते हा धाक सोडून द्या.

आता बुरशीचे. ती उगवायला भिंतीवर पाणी साचावे लागत नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की पुरते. तुमच्या आकड्यांवर सगळ्याच भिंती त्या टप्प्यात येतात, आणि 13 अंशांच्या खाली गेलेल्या पृष्ठभागावर दवच धरते. खोली 18 अंश आणि 60 टक्क्यांवर आणली तर दव धरण्याची हद्द 10 अंशांवर उतरते. लक्ष्य तेच ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून 8-10 सेंटीमीटर पुढे ओढा, तळाला आणि माथ्याला हवा खेळू द्या. जमले तर ते आतल्या भिंतीला लावा.

गॅस हीटर मात्र बंद करा. एक किलो गॅस जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन खोलीतच राहते. तो हवा तापवतो आणि त्याच वेळी ती भिजवतो. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, ज्याला वासही नसतो. शेगडी धुराड्याची असली तरी त्या वायूचा इशारा देणारे यंत्र घरात हवेच.

ओळंबा

वरचे बरोबर आहे, पण ते हवेतल्या ओलीपुरते. कमरेइतक्या उंचीपर्यंतचे पोपडे आणि लोणा ही भिंतीतून येणारी ओल वाटते. आधी खात्री करा. ॲल्युमिनियम फॉइलचा साधारण 40 सेंटीमीटरचा चौकोन भिंतीच्या त्या ओल्या पट्ट्यावरच, पृष्ठभाग पुसून सुकवून, चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावा, दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर दव, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. दोन्हीकडे आले तर दोन्ही, आणि अशा घरात बहुधा तेच निघते.

भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. कोरड्या दिवशी हे दिसत नाही. पन्हळ कुठून ओसंडते, पागोळ्या जमिनीवर आपटून भिंतीवर किती उंच शिंतोडे उडवतात, उभ्या नळीचे पाणी जोत्याशीच पडते का, हे बघायचे. पन्हळीला दर मीटरला 3 ते 5 मिलिमीटर उतार लागतो. खारा वारा पन्हळ धरून ठेवणारे लोखंडी आकडे गंजवतो, मधे पन्हळ झुकते आणि तिथेच पाणी साचून भिंतीवर येते. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान 15 सेंटीमीटर खाली असायला हवी. वर्षानुवर्षे माती आणि पालापाचोळा साचून ती वर चढलेली असते. ती खोदून काढणे हे बिनखर्चाचे आणि सर्वांत गुणकारी काम आहे.

जलरोधक रंग देऊ नका. जुनी दगडी भिंत पाणी पिते आणि सोडते. रंगाला केसाएवढी चीर गेली तरी झडीचे पाणी आत शिरते, पण रंगामुळे बाहेर पडू शकत नाही. आतून सिमेंटचा गिलावा असल्याने दुसरीही वाट बंद. मग मीठ गिलाव्यामागे साठते, त्याचे स्फटिक फुगतात आणि गिलावा ढलप्यांनी सुटतो. तुमचे पोपडे तेच सांगताहेत. खराब झालेला पट्टा ओलीच्या खुणेच्या वर अर्धा मीटरपर्यंत खरवडून काढा, भिंत कोरड्या ऋतूत काही महिने उघडी ठेवा, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. थंडीत चुन्याचे काम करू नका. 5 अंशांच्या खाली तो धरत नाही आणि गोठला तर भुसभुशीत होतो.

लोणा पाण्याने धुवू नका, मीठ विरघळून परत भिंतीत जाते. कोरड्या ब्रशने झाडून सुपडीत भरा आणि घराबाहेर टाका. मीठ आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून ओले होते. म्हणून गळती बंद झाल्यावरही जुना डाग दमट दिवशी परत दिसतो. तो दिसला की पुन्हा छप्पर उकलायला धावू नका, आधी मापक बघा.

लोखंडाचे उलटे: तिथे गोड्या पाण्याने धुणेच हवे. पावसाचे पाणी थेट लागते त्या पत्र्यापेक्षा वळचणीखालचे खिळे, बिजागऱ्या, कड्या लवकर गंजतात, कारण तिथले मीठ पाऊस धुऊन नेत नाही. महिन्यातून एकदा पाण्याचा फवारा, सुकल्यावर बिजागऱ्यांना ग्रीस. बदलायचे झाल्यास वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा 316 प्रतीचे स्टेनलेस घ्या. 304 वर समुद्राजवळ तांबूस डाग पडतात.

भरती_ओहोटी

कपड्यांबद्दल कोणी लिहिले नाही. पाच किलो सुके कपडे धुऊन यंत्रात मिनिटाला 1000 फेऱ्यांवर पिळले तर त्यांत सुमारे तीन लिटर पाणी उरते. 1400 वर अडीच. हे सगळे तुमच्या घरातल्या हवेत जाणार. म्हणून दोनदा पिळा, दुसरी पिळणी फुकट पडत नाही. मग सर्वांत लहान खोली निवडा, दार बंद करा, कपड्यांत चार बोटे अंतर सोडा, आणि आर्द्रता शोषणारे यंत्र पंख्यासह लावा. इथे खिडकीही बंदच ठेवायची, नाहीतर यंत्र बाहेरची हवा सुकवत बसते.

यंत्र घेताना प्रकार बघा. कॉम्प्रेसरचे यंत्र 15 अंशांच्या खाली मंदावते, त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. गार खोलीत शोषक चाकाचे यंत्र चालते. वीज जास्त घेते, पण ती उष्णता खोलीतच येते. 18 अंशांच्या वर खोली ठेवत असाल तर कॉम्प्रेसरचे परवडते. गाळणी दर पंधरवड्याला धुवा.

बुरशी पुसताना कोरडी घासू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेले फडके, हातमोजे, तोंडाला मास्क. ब्लीच वापरलेच तर त्यात व्हिनेगर किंवा शौचालयाचे आम्ल मिसळू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

रंधा

सरपणाचा प्रश्न थंडीत सुटत नाही. बाहेरची हवा 90 टक्के दमट असली की लाकूड कितीही दिवस ठेवा, त्यातला ओलावा 20 टक्क्यांच्या फारसा खाली येत नाही. आणि शेगडीला 20 च्या खालचेच हवे. वाळवण उन्हाळ्यातच व्हावे लागते, थंडीत फक्त ते राखायचे.

फोडलेली फाटी 10-12 सेंटीमीटरपेक्षा जाड नकोत. न फोडलेल्या ओंडक्याची साल आतले पाणी अडवून धरते. रास जमिनीपासून 15 सेंटीमीटर वर, भिंतीपासून वीतभर लांब, एका फाट्याच्या जाडीची. झाकण फक्त माथ्यावर, वाऱ्याच्या बाजूला थोडे पुढे काढलेले. ताडपत्रीने चारही बाजू गुंडाळल्या तर आत पाणी सुटते आणि फाटी कुजतात. मऊ लाकडाला एक उन्हाळा, कठीण लाकडाला दोन.

लाकडाचा ओलावा मोजताना फाटे नव्याने फोडून ताज्या आतल्या बाजूला ओलावा-मापकाच्या सुया रुतवा. बाहेरून मोजलेला आकडा फसवा असतो. दोन-तीन दिवसांचे सरपण आत आणून शेगडीपासून मीटरभर लांब ठेवा. आठवड्याचा ढीग आत आणू नका, त्यातलेही पाणी खोलीतच सुटते.

ओले लाकूड जाळले की धूर गार पडतो आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी बसते. तीच पुढे पेट घेते. मोसमाआधी आणि मोसमाच्या मध्यात एकदा धुराडे झाडायला हवे. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडे तर जाळूच नका. त्यातले मीठ शेगडी आणि नळी खाते आणि धूरही विषारी होतो.

पाणाड्या

गुडगुड म्हणजे बहुधा शोषखड्ड्याभोवतीची (सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याभोवतीची) जमीन पाण्याने भरली आहे आणि सांडपाण्याला जायला जागा नाही. पहिले बघा, छपराचे पाणी त्याच बाजूला जाते का. 100 चौरस मीटर छपरावर 20 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2000 लिटर. ते बंद नळीने घराच्या आणि खड्ड्याच्या खालच्या उतारावर न्या. चढाच्या बाजूने 40 सेंटीमीटर खोल चर खणा, मीटरला एक सेंटीमीटर उतार द्या, म्हणजे वरून येणारे पाणी वळते. चर दर पंधरा दिवसांनी साफ केला नाही तर गवताने तुंबतो.

खड्ड्यावर गाडी नेऊ नका, भिजलेली माती दबली की शोषण कायमचे मंदावते. कपडे एका दिवशी सगळे न धुता रोज थोडे.

वळचण

फॉइल लावतो. गॅस हीटर आजपासून बंद. संडासाची टाकी लगेच उपसून घेतली तर तात्पुरती सुटका होईल ना? टाकी फायबरची आहे.

पाणाड्या

आत्ता उपसू नका. भूजल वर आलेले असताना रिकामी फायबरची टाकी खालच्या पाण्याच्या दाबाने उचलली जाते आणि नळ्या तुटतात. शोषखड्डा भरलेला असेल तर तिकडचे पाणी उलटून टाकी पुन्हा भरते ते वेगळेच. पाणी उतरेपर्यंत वापर कमी करा, पाऊस थांबून जमीन सुकल्यावर उपसा. सांडपाणी जमिनीवर येऊ लागले तर तिथे फिरकू नका, आणि विहीर जवळ असेल तर पिण्याचे पाणी खळखळून उकळूनच घ्या.

ओळंबा

क्रम विचारला होतात: आधी पन्हळ आणि जोत्याशी चढलेली माती, मग चर. खिडक्या मात्र आजच. गिलाव्याला कोरडा ऋतू येईपर्यंत हात लावू नका, फक्त सुटलेले पोपडे काढून भिंत उघडी ठेवा आणि फॉइल कुठल्या बाजूने भिजले ते इथे लिहा.