किनाऱ्यावरची मोठी टूरिंग बाईक: सर्व्हिस मीटर बघून की कॅलेंडर बघून? (चौघांची चर्चा)

खाडीकाठ

रेवसपासून रेडीपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या मोठ्या टूरिंग बाईकची सर्व्हिस मीटर बघून करू नये, कॅलेंडर बघून करावी, असं माझं ठाम मत आहे. वर्षातून दोनदा. एकदा मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आणि एकदा नवरात्राच्या सुमारास. मधल्या काळात गाडी पाचशे किलोमीटर फिरली की पाच हजार, याला इथे फारसा अर्थ नाही.

कारण मीठ. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे पावसाळाभर ते ओलंच राहतं. म्हणजे आरे-वारेच्या रस्त्यावर किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीवर बसलेला खारा थर शेडमध्ये, कव्हरखालीसुद्धा आपलं काम करत असतो. प्लास्टिकच्या कव्हरखाली तर जास्तच.

सगळ्यात दुर्लक्षित जागा मागच्या मोनोशॉकखालचं (मागच्या एकाच शॉक ॲब्सॉर्बरखालचं) लिंकेज, म्हणजे शॉकला मागच्या चाकाच्या बाजूशी जोडणारे सांधे. त्यात सुईसारख्या रोलरची बेअरिंग असतात, मागच्या चाकाच्या चिखलाचा सगळा मारा त्यांच्यावर, आणि कंपनीतून येताना ग्रीस बऱ्याचदा बेताचंच. बोल्ट काढण्याआधी चाकाखाली लाकडी फळ्या सारून चाकाचं वजन तोलून धरायचं. तोल बरोबर साधला की बोल्ट हाताने ढकलून निघतो. आतली स्टीलची नळी काढून उजेडात फिरवा. तिच्यावर सुयांच्या अंतराने तपकिरी रेघा दिसल्या तर पाणी आत गेलंय. रेघेवर नख अडकलं तर नळी आणि बेअरिंग दोन्ही बदलायची. नख अडकलं नाही तर रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, नवं ग्रीस भरायचं. मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळ बोटींच्या सामानाच्या दुकानात मरीन ग्रीस विचारा. पाण्यात टिकण्यासाठीच ते बनवलेलं असतं.

टॉर्कपाना

नाही पटलं. मॅन्युअलमध्ये नुसते किलोमीटर नसतात. ‘इतके किमी किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळ्यांना मुदत आहे. ती पाळा, कोकणासाठी वेगळं वेळापत्रक लागत नाही.

आणि गाडी वारंवार उघडण्याची किंमत कोणी मोजत नाही. ॲल्युमिनियममध्ये कापलेले आटे मऊ असतात. एकच बोल्ट दर सहा महिन्यांनी काढला-लावला, त्यात एकदा तिरका बसला किंवा टॉर्क पान्याऐवजी (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) अंदाजाने आवळला, की आटे गेले आणि हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवायची वेळ आली. लिंकेजचं तुम्ही सांगता ते मेन स्टँडवर ठीक. अनेक ॲडव्हेंचर टूररना मेन स्टँड येतच नाही. घरी असतो तो पॅडॉक स्टँड, आणि तो स्विंगआर्मलाच, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यालाच, टेकतो. त्यावर गाडी उभी करून लिंकेजचा बोल्ट ओढला की सस्पेन्शनचा आधार सुटतो आणि मागची बाजू खाली बसते. अडीचशे किलोच्या गाडीखाली हात असेल तर काय होईल, सांगायला नको.

वॉरंटीतली गाडी तर घरी उघडूच नये. अधिकृत वर्कशॉप रत्नागिरीहून लांब आहे, मान्य. पण कोल्हापूर-पुण्याकडे तसंही जाणं होतंच, तेव्हा वेळ धरून सर्व्हिस करून घ्यावी.

घाटमाथा

दोघेही पाना घेऊन बसलात. निम्मा प्रश्न पाण्याच्या नळीने सुटतो. समुद्राकाठून आल्यावर त्याच दिवशी गोडं पाणी, साध्या नळाच्या जोराने, डिस्क आणि सायलेन्सर गार झाल्यावर. आधी नुसतं पाणी, मीठ विरघळू द्या, मग शाम्पू. आपल्या जांभ्याची तांबडी माती रेडिएटरच्या जाळीत चिखल होऊन वाळते. ती आतून बाहेर, इंजिनच्या बाजूने पाणी मारूनच निघते.

प्रेशर वॉशर मात्र नकोच. सर्व्हिस स्टेशनवर तो फवारा चाकाच्या बेअरिंगवर, स्टिअरिंगच्या मानेवर, चेनवर अगदी जवळून मारतात. रबरी सील धूळ-पाऊस अडवायला असतात, तसला दाब अडवायला नाही. पाणी आत जातं, बाहेर येत नाही.

धुतल्यावर गाडी तशीच लावू नका, पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. गरम चेनवर ऐंशी-नव्वदचं (80W-90) गिअर ऑइल ब्रशने, आतल्या बाजूने. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन रॉकेलने साफ करायची, पेट्रोलने नाही, पेट्रोलने रिंग खराब होतात. चेनचा ढिलेपणा एका जागी मोजून भागत नाही. चाक फिरवत चार ठिकाणी पाहा. एका जागी ताठ, दुसरीकडे ढिली असेल तर आतल्या पिना गंजल्यात. ती ॲडजस्ट करून उपयोग नाही, स्प्रॉकेटसकट (चेनच्या दातेरी चकत्यांसकट) बदला.

खाडीकाठ

टॉर्कपाना, पॅडॉक स्टँडचा इशारा रास्त आहे, तो मीच द्यायला हवा होता. मेन स्टँड नसेल तर इंजिनखालच्या फ्रेमला जाड फळी देऊन जॅक लावायचा. पातळ बॅशप्लेटवर (इंजिन वाचवणाऱ्या खालच्या पत्र्यावर) कधीच नाही. पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून ठेवायचा.

पण ‘जे आधी होईल ते’ हे ऑइलपुरतं. लिंकेज आणि स्टिअरिंग बेअरिंगसमोर बहुतेक वेळा नुसतं ‘तपासा’ असतं, आणि वर्कशॉपात तपासणं म्हणजे चाक धरून हलवून पाहणं. गंजलेलं बेअरिंग सुरुवातीला जॅम होतं, हलायला लागतं ते शेवटी. हलवून कळतं तोवर उशीर झालेला असतो.

ब्रेकचंही तेच. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा जो भाग पॅड झिजल्यामुळे बाहेर आलेला असतो, त्यावर मीठ, माती आणि पॅडच्या भुकटीचं काळं कडं जमतं. पॅड बदलताना पिस्टन तसाच मागे ढकलला तर ते कडं सीलमध्ये घुसतं. मग पिस्टन परत सुटत नाही, एक पॅड घासत राहतो, डिस्क तापते. आधी जुना टूथब्रश आणि ब्रेक क्लीनर, मागच्या बाजूला कापडाची पट्टी फिरवून पुसणं, नवं ब्रेक ऑइल बोटाने लावणं, आणि मग ढकलणं. ढकलताना वरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, ते ऑइल रंग खातं. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी शिरलं की किमान १५५ पर्यंत उतरतो. सामान लादून, मागे माणूस बसवून आंबा घाट उतरताना लिव्हर मऊ लागतो तो यामुळे. मॅन्युअल दोन वर्षं म्हणत असेल तर इथे एकच धरा.

दर्यावर्दी

शाफ्टवाल्यांना (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक फिरवणाऱ्या गाड्यावाल्यांना) वाटतं चेन नाही म्हणजे कटकट नाही. शाफ्टच्या टोकाच्या रबरी बूटला चीर गेली किंवा तो खोबणीत नीट बसला नसेल तर आत पाणी साचतं आणि युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वळता सांधा) बाहेरून काहीच न दिसता गंजतो. फायनल ड्राइव्हमध्ये (चाकाजवळच्या गिअरपेटीत) तेल थोडंच, २०० मिलीच्या आसपास किंवा त्याहून कमी. ते दुधाळ निघालं तर पाणी आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ करडा लेप चालतो, कण किंवा चकत्या चालत नाहीत.

आणि पावसाळ्यात उभी गाडी दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करणारे तिचं नुकसान करतात. इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्येच राहतं. फिरवायची तर नीट फिरवा, नाहीतर हातच लावू नका. मे महिन्यात ऑइल बदला, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरा, बॅटरी काढून घरात ठेवा. एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा. लिथियम असेल तर तिचा चार्जर वेगळा.

टॉर्कपाना

ब्रेक ऑइल वर्षाला, हे मान्य. मी पूर्वी दोन म्हणत होतो, पण एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलेटरमधले, म्हणजे ब्रेकचा दाब सांभाळणाऱ्या भागातले, बारीक व्हॉल्व्ह ओलसर ऑइलने खराब होतात आणि तो भाग फार महाग आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा: कॅलिपरच्या निपलमधून (ऑइल काढायच्या तोंडातून) जुनं काढून नवं भरणं घरी जमतं, ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊन हवा मॉड्युलेटरमध्ये गेली तर काही गाड्यांना कंपनीचं डायग्नोस्टिक मशीनच लागतं. बदलताना टाकी कधी तळाला जाऊ देऊ नका.

लिंकेजवर मात्र मी वर्षातून एकदाच म्हणेन, नवरात्राला. आणि ‘गंज नको’ म्हणून मूळचे बोल्ट काढून स्टेनलेसचे लावतात, त्याला माझा सक्त विरोध. खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेसशेजारचं ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, पांढरी पूड धरून बोल्ट अडकतो आणि काढताना आट्यांसकट येतो. मूळ बोल्टचा जस्ताचा मुलामा स्वतः झिजून ॲल्युमिनियममधले आटे वाचवतो. मुलामा उडाला तर तसाच नवा बोल्ट घ्या. आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट अडकू नये म्हणून लावायची पेस्ट) लावत असाल तर कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तसाच भरू नका, बोल्ट जास्त ताणला जातो.

खाडीकाठ

स्टेनलेसवर एकमत. वर्षातून एकदाच उघडायचं असेल तर मात्र नवरात्राला नको, मे महिन्यात उघडा. ताजं ग्रीस पावसाच्या आधी आत हवं, नंतर नाही.